शंभरातले दोन

मैत्रिणींनो, परदेशी लेकीच्या घरी जाऊन आलेल्या आईचे प्रवासवर्णन आता कुणाला नवलाचे राहिलेले नाही. डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळंतविडा, विमानातले ते गारढोण जेवण आणि तिथल्या रस्त्यांची स्वच्छता, हे सारे तुम्ही इतक्या जणींकडून ऐकले आहे, की मी तेच पुन्हा सुरू केले तर तुम्ही सरळ पान उलटाल. म्हणून आधीच सांगते. सॅन फ्रान्सिस्कोचा तो प्रसिद्ध तांबडा पूल मी आज तुम्हांला दाखवणार नाही. मी दाखवणार आहे ती एक कारंजे, काही भिंती आणि भुयारी रेल्वेचे एक स्टेशन. पण त्याआधी तुम्हांला आमच्या गावातली एक भिंत पाहावी लागेल. म्हणजे, जी आता नाही ती.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या मंडळाच्या अकरा जणींनी गावातल्या एका शाळेची रस्त्याकडची भिंत रंगवली. वर्गणी आमची, रंग आमचा, भाकरतुकडाही घरून बांधून नेलेला. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेघांनी आम्ही भलेमोठे चैत्रांगण काढले. गौरीचा पाळणा, तुळशीवृंदावन, कासव, नाग, हत्ती, गोपद्मे, शंख, चंद्र, सूर्य. मंडळातल्या सर्वांत वयस्क काकूंना गुडघ्यांमुळे शिडी चढवेना, म्हणून खालच्या अंगाचे कासव त्यांनी स्टुलावर बसून काढले. असे कासव, की बघणाऱ्याला वाटावे, आता हे चालू लागेल.

दिवाळीच्या आधी एका सकाळी दूध आणायला गेले, तर भिंतीवर चुना फासलेला. दुपारपर्यंत त्यावर एका शिकवणीवर्गाची जाहिरातही आली. आम्ही तिघीचौघी विचारायला गेलो. खुर्चीतल्या गृहस्थांनी शांतपणे विचारले, "पण बाई, ते चित्र तुम्ही कुणाला विचारून काढलं होतं?"

तोंडी विचारले होते. कागद नव्हता. आम्ही परत आलो.

काकू म्हणाल्या, "अगं, रांगोळी रोजच पुसतो आपण. भिंत पुसली, इतकंच." त्यांनी समजूत काढली खरी, पण माझ्या मनातली सल काही गेली नाही. रांगोळी आपण आपल्या हाताने पुसतो, उद्याची काढायची म्हणून. इथे पुसणारा हात आमचा नव्हता. तेव्हापासून भिंतीचा विषय निघाला की मी गप्प बसत असे.

तर ही सल पोटात ठेवून मी लेकीकडे गेले. तिचे दुसरे बाळंतपण झाले, बाळ अडीच महिन्यांचे झाले, थोरली नात शाळेत रुळली आणि एका रविवारी जावई म्हणाले, "आई, आज स्वयंपाक नको. तुम्हांला शहर दाखवतो." लेक राहते खाडीच्या पलीकडे. तिथून आगगाडीने पाऊण-एक तासात आपण शहराच्या पोटात बाहेर पडतो. महिना जुलै, पण बाहेर असे गार धुके आणि वारा, की मला कोजागरीनंतरचे महाबळेश्वर आठवले. शाल आणली होती म्हणून निभावले.

कणकेचे शहर

पहिले थांबलो ते युनियन स्क्वेअरजवळ, एका मोठ्या हॉटेलशेजारच्या पायऱ्यांवर. तिथे ब्राँझचे एक गोल कारंजे आहे. लांबून पाहिले तर एखादी अवाढव्य पिंपरणी वाटेल. जवळ गेले आणि हरखून गेले. साऱ्या अंगावर चिमुकले शहर उठवलेले! घरे, पूल, चढावरून जाणारी केबल कार, माणसे, प्राणी, झाडे. आणि ती माणसे कशी, तर आपण श्रावणात पोरांना कणकेचा गोळा दिला की ती जशी करतात तशी. पोट सुटलेली, डोळे बटबटीत, हात थोडे लांब.

"आई, ती कणकेचीच आहेत," लेक हसत म्हणाली. "आधी पिठाची केली, मग त्यावरून ब्राँझमध्ये ओतली."

"कुणी केलं?"

"रूथ असावा."

मला वाटले, हिला नक्की ठाऊक नाही. "असावा म्हणजे? कोण असावा?" यावर जावयांना इतके हसू आले की शेजारून जाणारी माणसे वळून पाहू लागली. असावा हे त्या बाईंचे आडनाव. आईवडील जपानी, जन्म १९२६ चा, कॅलिफोर्नियातल्याच शेतावरचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच देशातल्या सुमारे सव्वा लाख जपानी वंशाच्या माणसांना घरांतून उचलून छावण्यांत ठेवले. १९४२ मध्ये सोळा वर्षांची रूथ आईभावंडांबरोबर आधी एका घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर आणि मग दूरच्या आर्कन्सा राज्यातल्या छावणीत राहिली. त्याच बंदिवासात तिला चित्रकला शिकवणारे भेटले. तेही कैदीच, डिस्नेच्या चित्रपटांसाठी काम केलेले चित्रकार. पुढे तिला शिक्षिका व्हायचे होते, पण जपानी मुलीला शाळेत सरावाचे पाठ घ्यायला मिळेनात, म्हणून पदवी राहिली. मग ती कलाशाळेत गेली, लग्न केले, सहा मुलांची आई झाली. मेक्सिकोत टोपल्या विणणाऱ्यांकडून शिकलेल्या टाक्यांनी ती तारेची शिल्पे विणत असे. घरात मुले भोवती खेळताहेत आणि आई तार विणते आहे, असे तिचे फोटो आहेत.

सहा मुले आणि हातात काम! मैत्रिणींनो, आपल्याला निराळे काही सांगायला नको.

१९६८ मध्ये मुलांच्या शाळेत कलेचा तास नीट नाही हे पाहून रूथबाईंनी दुसऱ्या एका आईला बरोबर घेऊन अल्वराडो नावाच्या शाळेत कार्यशाळा सुरू केली. साहित्य काय? दुधाची रिकामी खोकी, कापडाचे तुकडे आणि मैदा-मीठ-पाण्याचा गोळा. त्याच गोळ्यातून पुढे हे कारंजे उभे राहिले, १९७३ मध्ये. ब्राँझचे एकूण ४१ तुकडे, आणि त्यांतल्या आकृत्या घडवायला शाळकरी मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सुमारे अडीचशे हात लागले. पैसे हॉटेलवाल्यांचे होते, नगराचे नव्हे. पण १९६८ पासूनच रूथबाई नगराच्या कला आयोगाच्या सभासद होत्या. चित्र काढणारी बाई शहराच्या टेबलाशी बसली, इथे मला पहिल्यांदा काहीतरी कळायला लागले.

२०१३ मध्ये शेजारी एक मोठे दुकान बांधायचे ठरले आणि आराखड्यात हे कारंजे हलवायचे घाटले. गावाने आरडाओरड केली. आराखडा बदलला, दुकान झाले आणि कारंजेही राहिले. त्याच वर्षी रूथबाई वारल्या.

डब्यातले पैसे

आता हे कला आयोग म्हणजे काय, ते सांगते. मी घरी येऊन लेकीला खोदखोदून विचारले, तिने मला वाचून दाखवले, आणि पुढे एकदा मी स्वतः जाऊनही पाहिले.

सॅन फ्रान्सिस्को नगराच्या सनदेत १९३२ मध्ये या आयोगाची तरतूद झाली. आयोगाचे पंधरा सभासद महापौर नेमतात. त्यांत नुसती पुढारी माणसे चालत नाहीत, बहुतेक सभासद प्रत्यक्ष कलेच्या क्षेत्रात काम करणारे लागतात. नगराच्या जागेवर पुतळा बसवायचा, चित्र काढायचे किंवा सार्वजनिक इमारत उभारायची, तर रचना आधी या आयोगापुढे न्यावी लागते.

आणि पैसा? इथे खरी गंमत आहे. १९६९ मध्ये नगराने कायदा केला, की नगराची नवी इमारत, बाग किंवा वाहतुकीचे मोठे काम काढले, तर बांधकामाच्या खर्चाचे दोन टक्के कलेसाठी बाजूला काढायचे. शंभरातले दोन. रुग्णालय असो, वाचनालय असो, अग्निशामक दलाचे ठाणे असो. अशी टक्केवारी ठरवणारे अमेरिकेतले पहिले शहर फिलाडेल्फिया, १९५९ चे. सॅन फ्रान्सिस्को त्यानंतरच्या पहिल्या काहींतले.

मैत्रिणींनो, हा हिशेब आपल्याइतका कुणाला कळणार? पगार हातात आला की आधी दोन नोटा डाळीच्या डब्यात जातात. महिनाअखेर उरेल ते बाजूला टाकू असे म्हणणाऱ्या बाईच्या डब्यात कधी काही पडले आहे का? सुशोभनाचे तेच. इमारत पुरी झाली, पैसे उरले तर बघू, असे म्हटले की पैसे उरत नाहीत. आधी काढले तर असतात.

याखेरीज १९६१ पासून हॉटेलांतल्या खोल्यांवरच्या करातला वाटा नगर कलासंस्थांना देत आले. म्हणजे पाहुण्याने चार दिवस राहायचे आणि त्याच्या भाड्यातून गल्लीतल्या नाटकमंडळीला हातभार लागायचा. १९६७ मध्ये आयोगाने वस्त्यावस्त्यांत कला नेण्याचा कार्यक्रम काढला. मोठ्या नाट्यगृहांपर्यंत न पोचणाऱ्या मोहल्ल्यांसाठी तो होता. पुढे १९७३ मध्ये केंद्र सरकारने बेकारांना काम देण्याचा कायदा केला, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोने लगेच त्यातून चित्रकार, नट, शिक्षक यांना पगारावर घेतले. आपल्याकडे तेव्हा दुष्काळात रोजगार हमीवर माणसे खडी फोडत होती. तिथे रोजगार हमीवर भिंती रंगल्या आणि मुलांना कणकेची चित्रे शिकवली गेली. भूक दोन्हीकडे खरीच होती, पण चित्र काढणे हेही काम आहे, त्याची मजुरी द्यायची असते, हे तिथे कागदावर मान्य झाले.

चिनी बाईची कात्री

ही दोन टक्क्यांची कमाई डोळ्यांनी पाहायची असेल तर चायनाटाऊनच्या भुयारी स्टेशनात जा. २०२२ च्या अखेरीस ते सुरू झाले. आत शिरताच समोरच्या भिंतीवर लालभडक धातूचे नक्षीकाम दिसते. उत्तर चीनमधला लग्नाच्या वरातीचा नाच. नाचणारी माणसे, हातांतली वस्त्रे, अंगाअंगावर वेलबुट्टी.

हे काम युमेई होउ या बाईंचे. त्या कागद कातरतात. चीनमध्ये ही घरगुती कला. नववर्षाला लाल कागद दुमडून कात्रीने नक्षी कापायची आणि खिडकीला चिकटवायची. आपण जशी संक्रांतीला, दिवाळीला दारापुढे बोटांतून रांगोळी सोडतो तशी. ती कागदी नक्षी यंत्राने धातूत कापून भिंतभर केली. रोज हजारो माणसे तिच्यासमोरून कामाला जातात.

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. नातीने पदर ओढला, "आजी, चल ना." मी काय पाहत होते, ते तिला कसे सांगणार? बायकांच्या हातची, सणापुरती, दुसऱ्या दिवशी केरात जाणारी कला कुणीतरी निवडली, मोजली, तिचे पैसे दिले आणि स्टेशनच्या भिंतीत पक्की बसवली. मला आमचे कासव आठवले.

भिंतींची गल्ली

दुसऱ्या एका दिवशी मिशन या भागात गेलो. ही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्यांची जुनी वस्ती. तिथे बामी अॅली नावाचा एक बोळ आहे, जेमतेम आपल्या वाड्यामागच्या बोळाएवढा. १९७२ च्या सुमारास दोन तरुण चित्रकर्त्या बायकांनी तिथे भिंत रंगवायला घेतली. १९८४-८५ मध्ये मध्य अमेरिकेतल्या युद्धांच्या विरोधात चित्रकारांनी बोळच्या बोळ रंगवून काढला. गॅरेजांची दारे, कुंपणे, काही सोडले नाही. जवळच १९७७ पासून भित्तिचित्रांची एक संस्था चालते, तिच्या संस्थापकांतही सुसान सर्वांतेस ही बाईच पुढे.

याच भागात बायकांच्या संस्थेची एक चारमजली इमारत आहे. १९९४ मध्ये सात चित्रकर्त्यांनी ती वरपासून खालपर्यंत रंगवली. सातांची नावे वाचताना मी एका नावाशी थबकले. मीरा देसाई! देश कुठला आणि गाव कुठले, आपल्या ओळखीचे नाव भिंतीवर दिसले की ऊर भरून येतो, होय की नाही? इमारतीवर जगभरच्या बायका आहेत, देवी आहेत, आणि कापडाच्या पट्ट्यांसारख्या रंगांत बायकांची नावेच नावे.

पण एक प्रश्न मला टोचत होता. मी लेकीला विचारले, "यांच्यावर कुणी चुना नाही फासत?"

तिने मला उत्तर दिले नाही. पुढच्या आठवड्यात रजा टाकून ती मला सिटी हॉलमध्ये घेऊन गेली.

कागद

सॅन फ्रान्सिस्कोचा सिटी हॉल असा, की त्याचा घुमट वॉशिंग्टनच्या संसद भवनाच्या घुमटापेक्षा उंच आहे. मी चपला काढायच्या बेतात होते. आयोगाच्या सभा उघड्या असतात, कुणीही जाऊन मागच्या बाकावर बसावे. नागरिकाला बोलायचे असेल तर दोन-तीन मिनिटे मिळतात, घंटा वाजली की बसायचे. एक आजीबाई काठी टेकत उठल्या, आपल्या वस्तीतल्या बागेच्या भिंतीबद्दल बोलल्या आणि घंटा वाजायच्या आत बसल्यासुद्धा. कुणी त्यांना विचारले नाही, "बाई, तुम्ही कोण?"

तिथे मला पद्धत कळली, ती तुमच्यासाठी लिहून आणली आहे. दोन टक्क्यांचे काम असेल तर आधी जाहीर बोलावणे निघते. कलावंतांचे अर्ज येतात. निवड मंडळात कलेतली माणसे आणि त्या वस्तीतला माणूसही असतो. निवडक कलावंतांना नमुना करून आणायला सांगतात आणि त्या नमुन्याचे पैसे देतात. फुकट चित्र काढून आणा, मग बघू, असे नाही. नमुने लोकांना पाहायला ठेवतात, लोकांचे म्हणणे घेतात, मग निवड, मग आयोगाची मंजुरी, मग करार.

आणि वस्तीतल्या लोकांना स्वतःहून नगराच्या भिंतीवर चित्र काढायचे असेल, तर त्यांनी कागद आणायचे. चित्राचा आराखडा. भिंत ज्या खात्याची, त्याची संमती. शेजाऱ्यापाजाऱ्यांची पाठिंब्याची पत्रे. चित्रकाराने आधी काय काम केले आहे त्याची माहिती. आणि सर्वांत शेवटी, चित्र झाल्यावर त्याची देखभाल कोण करणार, याची लेखी हमी.

या शेवटच्या कागदाशी मी अडले. आम्ही रंग कुठला, ब्रश कुठला, पोहे कुणी करायचे, सारे ठरवले होते. उद्या हे चित्र कुणाचे, ते आम्ही ठरवलेच नव्हते. ज्याचे कुणी नाही, त्यावर चुना फासायला कितीसा वेळ लागतो?

आयोगाकडे आज चार हजारांवर कलाकृती आहेत. त्यांची नोंदवही आहे, दुरुस्तीची व्यवस्था आहे. शिवाय देशाचा कायदा आहे. कॅलिफोर्नियाने १९७९ मध्ये आणि केंद्राने १९९० मध्ये कलाकृतीची मोडतोड करण्यावर बंधने घातली. आपल्याकडेही असे काही नाही असे समजू नका बरं का. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सेहगल यांचे ब्राँझचे प्रचंड भित्तिशिल्प होते. १९७९ मध्ये ते उतरवून गोदामात टाकले. सेहगल कोर्टात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. शिल्पाचे उरलेले भाग परत करा आणि पाच लाख रुपये भरपाई द्या, म्हणून. काम विकत घेतले तरी करणाऱ्याचा त्यातला मान विकत घेता येत नाही, असा त्याचा अर्थ.

सगळेच गोड नाही

आता तुम्ही म्हणाल, ही अमेरिकेला जाऊन आली आणि तिथले सारे सोन्याचे सांगते आहे. तसे नाही.

टेकडीवरचा कॉइट मनोरा पाहिला. लिली कॉइट नावाच्या बाई १९२९ मध्ये वारल्या, त्यांनी इच्छापत्रात मालमत्तेचा तिसरा हिस्सा शहराच्या शोभेसाठी ठेवला, त्यातून १९३३ मध्ये हा मनोरा झाला. मंदीच्या दिवसांत सरकारने बेकार चित्रकारांना पगार देऊन १९३४ मध्ये त्याच्या आतल्या भिंती रंगवून घेतल्या. मॅक्सिन अल्ब्रो या बाईंनी काढलेली शेतमळ्यांची आणि फळतोडणीची भिंत मला फार आवडली. जेन बर्लांडिना यांनी घरातले दिवस रंगवलेली एक खोलीही आहे, पण ती वरच्या मजल्यावर, वाटाड्याबरोबरच पाहता येते. तर त्याच वर्षी बंदरात कामगारांचा मोठा संप चालू असताना कुणाला या चित्रांत साम्यवाद दिसला. जुलैत उघडायचा कार्यक्रम ऑक्टोबरवर गेला आणि एका ठिकाणचा कोयता-हातोडा पुसला गेला. म्हणजे चुना तिथेही होताच.

अगदी अलीकडचेही सांगते. शहरात खऱ्या, होऊन गेलेल्या बायकांचे पुतळे बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत, म्हणून ओरड झाली आणि कवयित्री माया अँजेलू यांचे स्मारक मुख्य वाचनालयासमोर करायचे ठरले. २०१९ मध्ये निवड मंडळाने लाव्हा थॉमस या कृष्णवर्णी कलावतीची रचना निवडली. पण नेहमीसारखा बाईचा पुतळाच हवा, असे म्हणून ती निवड मोडली. गलका झाला. २०२० मध्ये आयोगाने तिची जाहीर माफी मागितली आणि काम पुन्हा तिलाच दिले. स्मारक उघडायला २०२४ चा सप्टेंबर उजाडला. मी ते पाहिले. उघड्या पुस्तकाच्या आकाराचे ब्राँझ आणि त्यावर माया अँजेलूंचा चेहरा.

मला वाटते, आयोग असला की चुका होत नाहीत असे नाही. पण चूक कुणी केली ते ठाऊक असते, आणि माफी कुणाकडे मागायची तेही ठाऊक असते. आमच्या भिंतीच्या वेळी माफी मागायला मुळी कुणी नव्हतेच.

परत आल्यावर

परत आले ती घरची धूळ झाडून झाल्यावर पहिल्यांदा काकूंकडे गेले. त्यांना सारे सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे कागद हवा होता."

आम्ही कागद केले. चित्राचा आराखडा, शाळेसमोरच्या सोळा घरांच्या सह्या, पालकांचे पत्र, आणि मंडळाच्या शिक्क्यानिशी हमी, की दर मे महिन्यात डागडुजी आम्ही करू. त्यासाठी भिशीतून दर महिन्याला शंभरातले दोन रुपये डब्यात टाकायचे ठरले. खुर्चीत तेच गृहस्थ होते. त्यांनी कागद दोनदा उलटेपालटे केले. "यात तर सगळंच आहे," म्हणाले. दोन महिने हेलपाटे झाले, नाही असे नाही. पण शाळा समितीचा ठराव झाला: पाच वर्षे भिंत मंडळाच्या देखभालीत, विचारल्यावाचून कुणी हात लावायचा नाही.

भिंत मात्र रस्त्याकडची मिळाली नाही. आतली मिळाली, पाण्याच्या नळाशेजारची, पहिल्याच्या निम्मी. मी नाराज झाले. काकू म्हणाल्या, "बरं झालं. इथे पोरं पाणी प्यायला येतील तेव्हा रोज बघतील. आणि कासव तसंही खालीच असतं."

ठरावाची एक प्रत मंडळाच्या कपाटात आहे, एक माझ्या डाळीच्या डब्याखाली. मे महिन्यात काम सुरू होईल. तुमच्या गावात अशी एखादी उघडीबोडकी भिंत असेल, तर रंगाच्या दुकानात जाण्याआधी कागद करा, एवढेच सांगायचे होते.

मुलांसाठी कणकेचा गोळा (खाण्याचा नव्हे)

साहित्य: मैदा ४ वाट्या, मीठ १ वाटी, पाणी दीड वाटी.

कृती: मैदा आणि मीठ एकत्र करून पाणी थोडे थोडे घालावे आणि पुऱ्यांच्या कणकेसारखे घट्ट भिजवून पाच-सात मिनिटे चांगले मळावे. गोळा ओल्या फडक्याखाली ठेवावा. एक तुकडा दुसऱ्याला जोडताना पाण्याचे बोट लावावे. वस्तू फार जाड करू नयेत, चिरतात. मंद ओव्हनमध्ये कडक होईपर्यंत भाजाव्यात, किंवा पातळ असतील तर कडक उन्हात काही दिवस वाळवाव्यात. मिठामुळे पावसाळ्यात ओल धरतात, म्हणून रंग देऊन वर व्हार्निशचा हात फिरवावा. मुंग्यांपासून आणि लहान बाळांपासून दूर ठेवाव्यात.